सबब तपासता येते का, ते बघा

तुमचा प्रश्न असा: आलेख, ‘संशोधन’, पदव्या लावलेली माणसं हे सगळं विज्ञानाकडेही असतं आणि छद्मविज्ञानाकडेही (म्हणजे विज्ञानाचं सोंग घेतलेल्या दाव्यांकडेही), मग विज्ञान न शिकलेल्या माणसाने फरक ओळखायचा कसा? वर तुमचे काका म्हणतात, विज्ञान तर सारखं मत बदलतं, त्यावर तरी भरवसा कशाला?

मी शास्त्रज्ञ नाही, पण या घोळात एकदा स्वतःच अडकलो होतो. टायपिंग करून करून माझं उजवं मनगट दुखायचं. कुणीतरी चुंबकाचा पट्टा दिला, बांधला आणि दोन दिवसांत बरं वाटलं. चार जणांना सांगूनही झालं. बहीण म्हणाली, ‘बघू या ना खरंच.’ तिने तसाच दुसरा पट्टा आणला, त्याची शिवण उसवून आतली चुंबकं काढली, त्याच वजनाच्या पितळी चकत्या भरल्या आणि पुन्हा शिवून टाकला. चोवीस चिठ्ठ्या केल्या, बारा खऱ्या, बारा खोट्या. रोज सकाळी एक चिठ्ठी काढून तो पट्टा माझ्या हातात द्यायची. कुठला ते मला माहीत नाही. रात्री मी वहीत दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. एकच अट होती, पट्टा स्टीलच्या चमच्याजवळ न्यायचा नाही. (मोह दोनदा झाला, खोटं कशाला बोलू!)

चोवीस दिवसांनी बेरीज केली. चुंबकाच्या दिवसांची 51, पितळेच्या दिवसांची 49.

खरी गंमत पुढे आहे. वही मिटायच्या आत माझ्या डोक्यात सबबी तयार होत्या. चोवीस दिवस कमी पडले. चुंबकाचा असर दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, म्हणून पितळेच्या दिवशीही बरं वाटलं. शंका घेऊन बांधला की लागू पडत नसेल. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तीन सबबींच्या फरकात आहे. पहिल्या दोन तपासता येतात: दिवस वाढवा, मध्ये आठवडाभर काहीच न बांधता जाऊ द्या. तिसरी कधीच तपासता येत नाही. गुण आला तर पट्ट्याचा, नाही आला तर शंकेचा दोष. मी सबब क्रमांक दोन तपासली, निकाल बदलला नाही.

आधी बरं का वाटलं होतं? दुखणं चढतं-उतरतं. आपण उपाय करतो तो ते शिगेला पोचल्यावर, आणि तिथून ते बहुधा उतरणारच असतं. पट्ट्याला फुकटचं श्रेय मिळालं. ‘मला स्वतःला गुण आला’ हा पुरावा इतका लटका का असतो, ते मला तेव्हा कळलं.

सबब सांगणं म्हणजेच छद्मविज्ञान, असं मात्र समजू नका. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने न्यूटनला चुकीचं ठरवलं नाही. पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह युरेनसला ओढत असणार, असं तो म्हणाला. ही सबबच की! पण त्याने गणित करून तो ग्रह आकाशात कुठे असेल ते सांगितलं. 23 सप्टेंबर 1846 ला त्याचं पत्र बर्लिन वेधशाळेत गाल्ले या खगोलशास्त्रज्ञाच्या हाती पडलं आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षाही थोडी चुकते हे दिसल्यावर 1859 मध्ये त्याच ल व्हेरिएने तीच सबब पुन्हा सांगितली: सूर्याजवळ आणखी काहीतरी फिरत असणार. त्या कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ नावही मिळालं. लोकांनी वर्षानुवर्षं, सूर्यग्रहणांतसुद्धा, तो शोधला. मधूनमधून कुणाला ‘दिसला’ही, पण पक्का कधीच नाही. शेवटी 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून बुधाचा तो शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फरक आपोआप निघाला आणि व्हल्कन बाद झाला. माणूस तोच, युक्तिवाद तोच, एकदा बरोबर, एकदा चूक. माझ्या लेखी दोन्ही वेळा विज्ञानच, कारण दोन्ही वेळा ‘इथे बघा’ असं सांगितलेलं होतं.

आता उलटं उदाहरण. 1903 मध्ये ब्लोंदलो या नावाजलेल्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन किरण’ सापडल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत अंधूक उजेड किंचित वाढलेला दिसला, की किरण आहेत असं धरायचं. कित्येकांना तो दिसला, कित्येकांना दिसेना. न दिसणाऱ्यांना उत्तर मिळायचं की त्यांचे डोळे तेवढे संवेदनशील नाहीत. 1904 मध्ये रॉबर्ट वुड हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ त्या प्रयोगशाळेत गेला. प्रयोग चालू असताना अंधारात त्याने उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. किरण ज्याच्यामुळे वेगळे होतात म्हणायचे, तोच गायब. तरी निरीक्षक आधीचेच आकडे सांगत राहिला! पदवी, प्रयोगशाळा, प्रामाणिकपणा सगळं होतं. पण न दिसणाऱ्याच्या डोळ्यांवर खापर फोडायची सोय असल्यावर दावा चुकणार कसा?

काकांसाठी 2011 ची गोष्ट सांगा. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे 730 किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. गटाने निकाल जाहीर केला तो इतरांनी त्यातली चूक शोधावी म्हणून. 2012 मध्ये घोटाळा सापडला, आणि तो त्यांच्या स्वतःच्याच तपासणीत: फायबरची एक केबल नीट बसलेली नव्हती. काका याला मत बदलणं म्हणतील, पण मला हीच माणसं भरवशाची वाटतात.

‘वेगेनरलाही हसले होते’ हा युक्तिवाद कुणी केला तर फार वेळ घालवू नका. खंड सरकतात हे वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडलं, जग मानायला 1960 चं दशक उजाडलं, हे खरं. पण ते मानलं गेलं समुद्रतळावरच्या मोजमापांमुळे, लोक हसले म्हणून नव्हे.

कुठलाही दावा समोर आला की ‘काय दिसलं तर तुम्ही हे चुकीचं मानाल?’ एवढं विचारा आणि थांबा. खरंच काम करणारा माणूस थोडा विचार करून काहीतरी ठोस सांगतो. दुसरा तुमच्या श्रद्धेवर, मोकळ्या मनावर किंवा कुणाच्या तरी कटावर बोलायला लागतो.

पट्टा अजून खणात आहे. मनगट ठणकलं की हात तिकडे जातो, हेही कबूल करतो.