सायनिंग बोनसच्या भरवशावर कॉलेजचा खर्च धरू नका, पण आकडा मात्र आधी ठरवा

ताई, तुम्ही विचारलंय की पुढच्या जूनमध्ये यजमानांची कंपनीतर्फे पुण्याहून डॅलसला बदली होतेय, मुलगा नववीत आहे, बेसबॉलमध्ये डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे, शाळेकडून राज्य स्पर्धा खेळलाय. इथे अमेरिकेत ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, निवड झाली की लाखो डॉलर सायनिंग बोनस, म्हणजे करारावर सही करण्याचे पैसे, मिळतो असं ऐकलंय, तर त्याच्या कॉलेजचा खर्च त्यातून निघेल असं धरावं का? धरू नका. आमचा मुलगा याच वाटेने गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्राफ्ट हा अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोत राहणाऱ्या मुलांसाठी असतो. भारतात राहणाऱ्या मुलाला संघ थेट करारबद्ध करू शकतात. उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने असंच घेतलं. तुमच्या मुलाचं नाव इथल्या हायस्कुलात घातलं की तो ड्राफ्टच्या नियमांत आला. तरीही त्याला त्यासाठी मागे ठेवू नका. इथे मिळणारा सराव आणि सामने तिकडे मिळणार नाहीत.

आता पैशांचं. २०१२ पासून पहिल्या दहा राऊंडमधल्या प्रत्येक निवडीला एक ठरलेली किंमत असते, तिला स्लॉट व्हॅल्यू म्हणतात. एका संघाच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्या संघाचा पूल. पूलच्या वर ५ टक्क्यांपर्यंत खर्च केला तर जादा रकमेवर ७५ टक्के दंड, आणि त्यापुढे गेलं तर पुढच्या वर्षीची पहिल्या राऊंडची निवडच जाते. त्यामुळे ती रेघ कुणी ओलांडत नाही. मात्र पूलच्या आत कुणाला किती द्यायचं, हे संघाच्या हातात असतं. सगळी घासाघीस तिथेच चालते.

२०१२ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजची निवड सर्वांत पहिली होती आणि तिची स्लॉट व्हॅल्यू होती ७२ लाख डॉलर. त्यांनी कार्लोस कोरेयाला निवडलं आणि ४८ लाखांत करार केला. उरलेल्या २४ लाखांच्या जोरावर ४१व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्सला २५ लाख दिले आणि चौथ्या राऊंडमध्ये रिओ रुईझला साडेअठरा लाख. दोघेही हायस्कूलची मुलं, हातात कॉलेजची जागा, स्लॉटच्या भावात सही करायला तयार नव्हती. म्हणून दोघांना त्यांच्या क्रमांकापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. याच्या उलट, चार वर्षं कॉलेज संपवलेल्या मुलांना दहाव्या राऊंडच्या आत निवडून पाच-दहा हजार डॉलरवर सही करायला लावतात, कारण त्यांच्याकडे परत जायला जागाच नसते. खेळ चांगला हवाच, पण बोनस ठरतो तो 'नाही' म्हणून आपण कुठे जाऊ शकतो यावर.

म्हणून कॉलेजची जागा हे तुमचं हुकमाचं पान आहे. मुलाच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या ओळखीतल्या एका घराने फक्त खेळावर भर दिला, मार्क घसरले, कॉलेजने हात आखडता घेतला आणि संघाला ते लगेच कळलं.

आमचं सांगतो. २०२३ च्या वसंतात स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारी संघांची माणसं, घरी येऊन बसायचे, चहा घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे: किती मिळाले तर सही करेल? आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर बसून हिशेब केला: कॉलेजची चार वर्षं, राहणं, खांदा गेला तर काय. फ्रिजवरच्या कालनिर्णयच्या जुलैच्या पानामागे हिने पेन्सिलीने लिहिलं: ४ लाख. सगळ्यांना तोच आकडा सांगितला. ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी पंधराव्या राऊंडच्या सुमारास फोन आला: दीड लाख देतो, घेणार का, दोन मिनिटांत सांगा. दीड लाखच का? दहाव्या राऊंडनंतर तेवढी रक्कम पूलमध्ये धरत नाहीत, म्हणून. बोलता बोलता कळलं की आमच्या सल्लागाराने आम्हाला न विचारता 'दोनच्या आत जमेल' असं त्यांना सांगून ठेवलं होतं. मुलाचा हात फोनवर थरथरत होता. त्याने कालनिर्णयकडे पाहिलं आणि नको म्हणाला. तो कॉलेजात गेला. तेव्हा रडला, पण आकडा आमचाच होता, म्हणून कुणी कुणाला दोष दिला नाही. सल्लागार ठेवा, पण आकडा त्याच्यावर सोडू नका.

कबूल झालेली रक्कमही वैद्यकीय तपासणीपर्यंत आपली नसते. २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या ब्रेडी एकनशी ६५ लाखांचं ठरलं होतं. तपासणीत कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका आली, रक्कम खाली आणली गेली आणि मुदत संपली. त्याने सही न केल्यामुळे त्याचा स्लॉट संघाच्या पूलमधून गेला आणि जेकब निक्स या दुसऱ्याच मुलाचा ठरलेला १५ लाखांचा करारही त्यात बुडाला. कुमार रॉकर आईकडून भारतीय वंशाचा. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी ६० लाखांचं ठरून तपासणीनंतर फिसकटलं. पुढच्या वर्षी टेक्सस रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेऊन ५२ लाख दिले. हे वाचून मला एकच सुचतं: आतापासून मुलाची प्रत्येक दुखापत, प्रत्येक एमआरआय एका फाइलमध्ये ठेवा.

व्हिसाचं कुणी सांगत नाही. यजमानांचा कंपनीच्या बदलीचा एल-१ व्हिसा, तर मुलाचा कुटुंबीय म्हणून एल-२. त्यावर शाळा, कॉलेज, शाळेचा खेळ सगळं चालतं, पण पगारी खेळ म्हणजे काम, आणि ते चालत नाही. करार झाल्यास संघाला पी-१ हा खेळाडूंचा व्हिसा काढावा लागतो. ते त्यांच्या रोजच्या कामातलं आहे, पण शेवटच्या राऊंडच्या मुलासाठी किती धडपड करतील हे आधी विचारा. शिवाय एल-२ एकविसाव्या वर्षी संपतो. कॉलेजची मुलं तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकवीस पूर्ण झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात अंगावर येऊ शकतात. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

बोनसमधून एजंटचे ३ ते ५ टक्के आणि कर जातो. पुढे मायनर लीगचा, म्हणजे मोठ्या संघांच्या खालच्या तयारीच्या संघांतला पगार: २०२३ च्या करारानुसार त्यातल्या लो-ए या खालच्या पातळीला तेव्हा वर्षाला २६,२०० डॉलर होता. म्हणून करारात कॉलेज स्कॉलरशिप प्लॅन लिहून घ्या. खेळ थांबल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं, तर करारात ठरलेला खर्च संघ देतो. रोख दहा हजार कमी घेऊन हे पदरात पाडून घेतलं तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

निघण्याआधी पुण्यात कुठे रडार गन मिळाली तर त्याच्या चेंडूचा वेग मोजून घ्या, आणि त्याचं वय, उंची आणि तो वेग मला कळवा. कुठल्या भागात घर घ्यावं, कुठली शाळा बघावी, ते मी त्यावरून सांगेन.