समतोल सरकतो, मग स्थिरांक का बदलत नाही?

प्रश्न : अमोनियाच्या निर्मितीत दाब वाढवला की समतोल अमोनियाच्या बाजूला सरकतो, पण समतोल स्थिरांक तोच राहतो, असे आम्हाला शिकवले आहे. अमोनिया वाढला, तर स्थिरांकही वाढायला नको का?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : दोन्ही विधाने बरोबर आहेत. समतोल म्हणजे अमोनिया तयार होण्याचा आणि तो पुन्हा विघटित होण्याचा वेग सारखा झालेली स्थिती. स्थिरांक अमोनियाचे प्रमाण सांगत नाही. तो समतोलातील संहतींचे, म्हणजे ठरावीक आकारमानात असलेल्या पदार्थांच्या प्रमाणांचे, एक ठरावीक गुणोत्तर सांगतो. त्याच्या अंशात अमोनियाच्या संहतीचा वर्ग असतो, तर छेदात नायट्रोजनची संहती गुणिले हायड्रोजनच्या संहतीचा घन. आता समतोलातील मिश्रण तापमान तेच ठेवून दट्ट्याने दाबले आणि त्याचे आकारमान निम्मे केले, असे समजा. त्या क्षणी तिन्ही वायूंची संहती दुप्पट होते. अंश चौपट होतो, छेद मात्र २ × ८ म्हणजे १६ पट होतो, आणि गुणोत्तर स्थिरांकाच्या एक चतुर्थांशावर येते. ते पुन्हा मूळ किमतीला येईपर्यंत नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार होत राहतो. अमोनिया वाढतो, तो स्थिरांक कायम असल्यामुळेच. हे एकदा स्वतः आकडे मांडून पाहाच, कारण नुसते पाठ केलेले नियम इथे फार काळ साथ देत नाहीत.

स्थिरांक खरोखर बदलतो तो तापमानाने. ही अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, असल्यामुळे तापमान वाढले की तो घटतो, आणि किती घटतो ते पाहण्यासारखे आहे : गुणोत्तरात संहतींऐवजी वायूंचे दाब घेऊन ते ‘वातावरण’ या एककात मोजल्यास २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे ६ लाख, तर ४०० अंशांना सुमारे ०.०००१६ असतो. तरीही कारखान्यात ४०० अंश किंवा त्याहून अधिक तापमान ठेवतात, कारण नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध इतका बळकट असतो की २५ अंशांना, स्थिरांक एवढा मोठा असूनही, अभिक्रिया जवळजवळ होतच नाही. स्थिरांकावरून वेग कळत नाही. १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हाबर-बॉश पद्धतीचा, म्हणजे याच अभिक्रियेने अमोनिया बनवणारा, कारखाना सुरू झाला, तेव्हापासून जास्त तापमानाला स्थिरांक घटल्याने होणारा तोटा प्रचंड दाबाने आणि तयार झालेला अमोनिया सतत काढून घेऊन भरून काढला जातो. लोहाचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, दोन्ही दिशांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो, म्हणून त्याचा स्थिरांकावर परिणाम होत नाही.

प्रश्न : एकाच अभिक्रियेचा स्थिरांक दोन पुस्तकांत वेगळा का आढळतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी समीकरण तपासा. हायड्रोजन आणि आयोडिन यांच्या एकेका रेणूपासून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू, असे लिहिल्यास सुमारे ४२५ अंशांना स्थिरांक ५४ च्या आसपास येतो. तेच समीकरण निम्मे करून लिहिल्यास त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७.३, आणि उलट लिहिल्यास १ भागिले ५४.