जमीन मे महिन्यात बघा

मुलुंडमध्ये राहून कर्जत-मुरबाडकडे घरापुरती शेती करायची म्हणताय, वाचून फार बरं वाटलं. आधी घरात कुणाच्या नावावर सातबारा आहे का ते बघा. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही.

आणि जागा मे महिन्यातच बघा. जुलैत कातळसुद्धा हिरवा दिसतो. मी पावसात भुललो. पहिल्याच एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला आणि आंब्याची कलमं डोळ्यांदेखत वाळली. होळीनंतर पाणी किती उरतं, हे शेजारच्या शेतातल्या बाईंना विचारा. त्या खरं सांगतील.

पहिल्या वर्षी चार-पाच गुंठेच हाती घ्या. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, दोघांना भरपूर काम पुरतं. बांधावर शेवग्याची फांदी रोवा, सांडपाण्याच्या वाटेला अळू, पावसाळ्यात मांडवावर पडवळ आणि दुधी. भात कापल्यावर जमिनीत ओल असते तोवरच वाल पेरा. त्या ओलीवरच तो येतो, म्हणून उशीर नको. स्वतःच्या शेतातल्या वालाचं बिरडं एकदा खाऊन बघाच!

कोंबड्या मात्र रोज कुणी तिथे मुक्कामाला असेल तरच.