पोलंडमध्ये २०२५ ला राष्ट्राध्यक्षपदाला कोण कोण उभं होतं?

प्रश्न : माझा पुतण्या पोलंडला व्रोत्सवाफ शहरात नोकरीला आहे, सध्या गड्ड्याच्या जत्रेसाठी घरी आलाय. तो म्हणतो तिकडं मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली तेव्हा जिकडं तिकडं तीच चर्चा चालू होती. सरकार तर पंतप्रधान टुस्क चालवतात ना? मग या पदासाठी एवढी चुरस कशाला? आपल्याकडं राष्ट्रपतीची निवडणूक कधी होऊन गेली ते पण लक्षात राहत नाही. आणि उभं कोण राहिलं, आलं कोण? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी चुरशीचं सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, तिथं मात्र थेट जनता मत देते, पाच वर्षांसाठी, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनदा. म्हणून आंद्रेई दुदा, जे २०१५ पासून २०२५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते, ते २०२५ ला उभेच राहू शकत नव्हते. आणि हे पद शोभेचं नाही, संसदेनं पास केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष सहीच न करता परत पाठवू शकतो. हा नकार म्हणजे व्हेटो, तो मोडायचा तर खालच्या सभागृहात, सेइममध्ये, तीन पंचमांश मतं लागतात, म्हणजे ४६० पैकी सगळे हजर असतील तर २७६. टुस्क यांच्या आघाडीनं २०२३ ला जिंकल्या २४८ जागा. आता बसवा हिशोब.

एक उदाहरण देतो, सोलापूरकराला लगेच पटेल. पोलंडच्या दक्षिणेला सायलेशिया नावाचा खाणींचा भाग आहे, तिथं साडेचार लाखांच्या वर लोकांनी २०२१ च्या जनगणनेत सांगितलं की आम्ही घरात सायलेशियन बोलतो. तिला प्रादेशिक भाषेचा दर्जा द्यायचा कायदा संसदेनं पास केला आणि मे २०२४ मध्ये दुदांनी व्हेटो केला, संपला विषय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात पोरं घरात तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, आणि अक्कलकोट साईडचा पाहुणा आला की कन्नड. घरातल्या भाषेला सरकारी कागदावर जागा मिळणं न मिळणं एका माणसाच्या सहीवर अडकलं तर काय वाटेल, ते आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. मला स्वतःला तो व्हेटो चुकीचा वाटतो.

आता २०२५ चे उमेदवार. नुसती घोषणा करून भागत नाही, १ लाख मतदारांच्या सह्या गोळा करून द्याव्या लागतात तेव्हा कुठं नाव पक्कं होतं. टुस्क यांच्या पक्षाकडून राफाऊ त्शास्कोव्स्की, २०१८ पासून वॉर्साचे महापौर. पक्षानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच मेंबरांचं मतदान घेतलं, समोर परराष्ट्रमंत्री सिकोर्स्की होते, पण जवळजवळ ७५ टक्के मतं यांनाच पडली. दुसऱ्या बाजूनं, म्हणजे विरोधातल्या कायदा आणि न्याय पक्षाचा पाठिंबा असलेले कारोल नाव्रोत्स्की. हे पक्षाचे मेंबर नाहीत, इतिहासाचे अभ्यासक आहेत, तरुणपणी बॉक्सिंग केलेलं, आणि तेव्हा राष्ट्रीय स्मृती संस्था नावाच्या सरकारी संस्थेचे प्रमुख. बाहेरच्या देशात फारसं कुणाला नाव माहिती नव्हतं, पण पक्षाची हक्काची मतं पाठीशी होती त्यामुळे यांना हलक्यात घेण्यासारखं नव्हतं.

मग शिमोन होवोव्न्या, तेव्हाचे सेइमचे अध्यक्ष, आधी टीव्हीवर टॅलेंट शो करायचे, २०२० ला तिसरे आले होते. उजव्या टोकाच्या कॉन्फेडेरेशनचे स्वावोमिर मेंत्सेन, हे टॅक्स सल्लागार, तरुण पोरांत यांची हवा आहे. डाव्यांकडून माग्दालेना बियेयात, आणि डाव्यांतनंच वेगळे झालेले आद्रियान झांडबर्ग.

आले नाव्रोत्स्की, पण निकाल कुठं ठरतो ते सांगतो. पहिली फेरी १८ मे २०२५ ला झाली, तिथं कुणालाच निम्म्याच्या वर मतं मिळाली नाहीत, म्हणून पहिले दोघं, त्शास्कोव्स्की आणि नाव्रोत्स्की, १ जूनला परत भिडले. म्हणजे बाकीच्यांची मतं कुणाकडं वळतात यावरच खेळ. २००५ ला स्वतः टुस्क पहिल्या फेरीत पुढं होते, ३६ टक्क्यांवर, आणि दुसऱ्या फेरीत कायदा आणि न्याय पक्षाचे लेख काचिन्स्की ५४ टक्के घेऊन निवडून आले. २०२० ला हेच त्शास्कोव्स्की दुदांकडून ४८.९७ विरुद्ध ५१.०३ असे हरले, एवढ्याशा फरकानं! त्यामुळे टीव्हीवर कोण पुढं दिसत होतं त्यापेक्षा मेंत्सेनला किती मतं पडली ते बघा, त्याचा मतदार १ जूनला घरी बसला का गेला, आणि गेला तर कुणाकडं, तिथं निकाल ठरला असं माझं मत आहे.

प्रश्न : याच पुतण्याला तिथं मत देता येईल का? टॅक्स भरतोय की तो.

उत्तर : नाही. १८ वर्षं पूर्ण असलेल्या पोलिश नागरिकालाच मत आहे, नुसता वर्क परमिट किंवा रेसिडेन्स कार्ड असून चालत नाही. पण मतदान तिथं रविवारीच असतं, त्याला सुट्टी असेल, त्याला म्हणावं पुढच्या निवडणुकीला जवळच्या केंद्राबाहेर जरा उभा राहा, लाईन केवढी आहे ते बघ आणि आम्हाला कळव, आम्ही छापू.