घामाच्या दिवसांतला मेकअप : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं लोकलने ये-जा करणाऱ्या वाचकांची आहेत. त्यामुळे उत्तरं देताना मुंबईची दमट हवा, गर्दी आणि सकाळी हाताशी असलेला जेमतेम वेळ धरूनच चाललो आहोत.

प्रश्न : पहिली नोकरी लागली आहे, ऑफिस लोअर परळला. आजवर काजळाशिवाय काही लावलेलं नाही. हजार रुपयांत रोजच्या वापराचं काय काय घेता येईल? सकाळी आवरायला दहाच मिनिटं मिळतात. (डोंबिवली)

हजारात चार वस्तू नीट बसतात : सनस्क्रीन, काजळ, कॉम्पॅक्ट आणि एक लिपस्टिक. सर्वांत जास्त पैसे सनस्क्रीनवर घालवा. एसपीएफ ५० आणि पीए+++ लिहिलेली ५० ग्रॅमची ट्यूब साडेतीनशे-चारशेच्या आसपास मिळते. बाकीच्या तीन वस्तू प्रत्येकी दीडशे ते दोनशेच्या घरात चांगल्या मिळतात. फाउंडेशन, प्रायमर, कन्सीलर, सेटिंग स्प्रे यांतलं काहीही आत्ता घेऊ नका. दमट हवेत थर जितके जास्त तितके ते लवकर घसरतात, आणि गर्दीच्या डब्यात तुमच्याआधी तुमचा मेकअप उतरतो.

सनस्क्रीनचं माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतंच. या मापाने रोज एकदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिना पुरते. तुमची ट्यूब तीन-चार महिने चालत असेल, तर डब्यावर लिहिलेलं संरक्षण तुम्हाला मिळत नाहीये. आंघोळ झाल्या झाल्या सनस्क्रीन लावा आणि मग चहा, डबा, कपडे ही कामं उरका. तेवढ्या वेळात ते त्वचेवर बसतं आणि तुमची दहा मिनिटं वाचतात.

लिपस्टिक कांडीची, क्रीमी घ्या. रंग तुमच्या ओठांच्या मूळ रंगापेक्षा एक छटा गडद असावा. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्याला विटकरी, तपकिरीकडे झुकणारा गुलाबी आणि जांभळट लाल हे रंग हमखास शोभतात. फिकट गुलाबी किंवा फिकट ‘न्यूड’ रंग राखाडी दिसतात, कारण त्यांत पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं. याच कांडीचा एक ठिपका दोन्ही गालांवर बोटाने पसरवला की ब्लशचं काम होतं, मात्र कॉम्पॅक्ट लावण्याच्या आधी. लिक्विड मॅट लिपस्टिकने हे करायला जाऊ नका, ती पसरवायच्या आत वाळते आणि गालावर डाग उठतो. गालांवर मुरमं असतील तर लिपस्टिक ओठांपुरतीच ठेवा, तिच्यातलं मेण आणि तेल त्या त्वचेला सोसत नाही.

कॉम्पॅक्ट चेहराभर घासायचा नाही. कपाळ, नाक आणि हनुवटी एवढ्याच जागी पफ दाबून उचलायचा. काही आठवड्यांनी कॉम्पॅक्टवर चकचकीत कडक थर येतो आणि पावडर निघेनाशी होते. तो माल खराब नसतो; चेहऱ्याचं तेल पफमधून पावडरीत उतरलेलं असतं. सेलोटेप चिकटवून ओढली की तो थर निघून येतो. पफ आठवड्यातून एकदा साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय डबीत ठेवू नका. हे जमत नसेल तर निदान पफ कोणाला वापरायला देऊ नका.

प्रश्न : सनस्क्रीनवर कॉम्पॅक्ट किंवा बीबी क्रीम लावलं की पांढरट गोळ्या सुटतात. सनस्क्रीन बदलून पाहिलं, तरी तेच. (ठाणे)

बहुतेक वेळा दोष एका वस्तूत नसतो, दोन थरांच्या जोडीत असतो. मागची बाजू वाचा. सनस्क्रीनच्या घटकांत सुरुवातीलाच डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी सिलिकोनची नावं असतील आणि त्याखाली तुम्ही कोरफडीचं जेल किंवा एखादं सीरम लावत असाल, तर गोळ्या होणारच. जेलला घट्टपणा देणारे कार्बोमर किंवा झँथन गम वाळून पातळ पापुद्रा बनतात आणि वरचा थर घासला की तो पापुद्रा गुंडाळला जातो. बाजारातल्या हिरव्या कोरफड जेलमुळे हे फार होतं.

खालचं जेल आठवडाभर बंद करून पाहा. त्वचा तेलकट असेल तर पावसाळ्यात वेगळ्या मॉइश्चरायझरचीही गरज नसते, सनस्क्रीन पुरतं. ठरलेलं माप दोन भागांत लावा : आधी अर्धं, ते मुरलं की उरलेलं. मग दहा मिनिटं थांबा. त्यानंतरचं सगळं थापटून लावायचं, घासायचं नाही. गोळ्या सुटतात तेव्हा त्यांच्याबरोबर सनस्क्रीनही निघून जातं, म्हणून गोळ्या झटकून पुढे जाऊ नका. तेवढ्या भागावर पुन्हा लावा.

आणखी एक सवय बऱ्याच जणींना असते, फाउंडेशन सनस्क्रीनमध्येच कालवून लावायची. त्याने सनस्क्रीनचा थर विरळ आणि असमान होतो. पातळ करायचंच असेल तर फाउंडेशन मॉइश्चरायझरमध्ये कालवा आणि सनस्क्रीन वाळल्यावर वरून लावा. एसपीएफ लिहिलेल्या कॉम्पॅक्टवरही विसंबू नका. तेवढं संरक्षण मिळायला जितकी पावडर लागेल तितकी कोणी लावत नाही.

प्रश्न : दादरला दुकानात फाउंडेशन अगदी बरोबर जुळलं होतं. ऑफिसला पोहोचेपर्यंत चेहरा काळपट दिसतो. (बोरिवली)

फाउंडेशनमधला पातळ द्रव उडून जातो, खाली उरलेली रंगद्रव्यं चेहऱ्याच्या तेलात भिजतात आणि रंग गडद दिसू लागतो. तेलकट त्वचेवर हा फरक अर्धी ते एक छटा इतका पडतो. त्यातून दुकानातले दिवे पिवळे असले की निवड तिथेच चुकते.

हाताच्या पालथ्या बाजूवर रंग पाहू नका. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान मिळतात तिथे एक पट्टा ओढा, दुकानाबाहेर पडा, रानडे रोडवरची बाकीची खरेदी उरका आणि वीस मिनिटांनी उजेडात आरशात पाहा. पट्टा दिसेनासा झाला असेल तर तो तुमचा रंग. दोन छटांत अडलात तर फिकट घ्या, ती नंतर गडद होते. मात्र चेहरा काळपट न होता राखाडी, पिठूळ दिसत असेल तर कारण उलटं आहे : छटा जास्त फिकट किंवा गुलाबीकडे झुकणारी आहे, किंवा खालच्या सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा अथवा टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरेपणा वर येतोय. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांना पिवळसर किंवा सोनेरी झाक असलेली छटा जुळते.

घेतलेली बाटली फेकू नका. वाटाण्याएवढं फाउंडेशन आणि तेवढंच मॉइश्चरायझर हातावर कालवून फक्त नाकाच्या बाजू आणि हनुवटीभोवती लावा. चेहराभर न लावल्यामुळे मानेशी फरक कळत नाही.

प्रश्न : ‘स्मजप्रूफ’ काजळसुद्धा अंधेरी येईपर्यंत डोळ्यांखाली उतरतं. घरी केलेलं काजळ बरं का? (विरार)

पेन्सिलीच्या काजळात मेण आणि उडून जाणारं सिलिकोन असतं. ते उडालं की रंग जागीच घट्ट बसतो. याला अर्धा ते एक मिनिट लागतं, आणि आपण लावल्या लावल्या डोळे मिचकावतो. शिवाय पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर अश्रूंचा थर सतत फिरत असतो, तिथे कोणतंच काजळ टिकत नाही. त्या कडेवर तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात; रोज काजळ भरून ती बुजवणं डोळ्यांच्या कोरडेपणाला आमंत्रण आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आतली कड पूर्ण सोडावी.

क्रम असा ठेवा. आधी टिश्यूने पापण्यांवरचं तेल टिपा आणि डोळ्यांखाली चिमूटभर कॉम्पॅक्ट दाबा. काजळ वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी लावा, खाली फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. मिनिटभर नजर खाली ठेवा. मग त्याच रेघेवर गडद तपकिरी किंवा काळी आयशॅडो चपट्या ब्रशने दाबा. ही शेवटची पायरी टाळली तर बाकीच्या कष्टांचं फळ फार वेळ टिकत नाही. दुपारी उतरलंच, तर ओल्या बोटाने चोळू नका. कापसाच्या काडीवर मॉइश्चरायझरचा थेंब घेऊन पुसा आणि वर कॉम्पॅक्ट दाबा. चालत्या गाडीत पेन्सिल डोळ्याजवळ नेऊ नका, एका धक्क्याने बुबुळाला इजा होऊ शकते.

घरचं काजळ म्हणजे काजळीत एरंडेल किंवा तूप. हे दोन्ही वाळत नाहीत, त्यामुळे ते पसरणारच. रात्री घरी लावायला हरकत नाही, पण प्रवासात नको. सुट्या मिळणाऱ्या सुरम्यापासून मात्र लांब राहा. पारंपरिक सुरमा ज्या गॅलेना खनिजापासून करतात, ते शिशाचं संयुग आहे. लहान मुलांच्या डोळ्यांत तर तो कधीच घालू नये.

प्रश्न : वडापाव खाल्ला की मॅट लिपस्टिक मधोमध उडते आणि कडा तेवढ्या राहतात. (परळ)

लिक्विड मॅटचा पातळ पापुद्रा पाण्याला दाद देत नाही, तेलापुढे मात्र विरघळतो. एकच पातळ हात द्या, जाड थर आधी तडकतो. लावण्याआधी दहा मिनिटं बाम लावून ठेवा आणि तो पूर्ण टिपून काढा. खाल्ल्यावर उरलेल्या लिपस्टिकवर पुन्हा थर चढवू नका. सगळी पुसून नव्याने लावा.

प्रश्न : माझं वय ५८. टिकली लावते त्या जागी आधी खाज यायची, आता पांढरा डाग पडला आहे. टिकली थोडी वर सरकवून लावली तर चालेल का? (गिरगाव)

नाही, सरकवू नका. आजपासून चिकटवायची टिकली पूर्ण बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारतं. हेच रसायन काही चपला-बुटांच्या गोंदातही असतं आणि त्यामुळे पायांवर असेच डाग उठतात, तेव्हा पावलंही एकदा तपासून घ्या. टिकली सरकवली तर नव्या जागी तेच सुरू होईल.

त्वचारोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. डाग नवा असताना उपचार सुरू झाले तर रंग परत येण्याची शक्यता जास्त असते. डाग झाकायला त्यावर कुंकू भरू नका. डाग पसरतोय की आवरतोय हे कळायला तो उघडा दिसायला हवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पेन्सिलीने टिकली रेखता येईल, किंवा आधी मेणाचा ठिपका देऊन वर कुंकू, ही आपली जुनी पद्धतही आहे. कुंकूही तपासून घ्या, कारण काही कुंकवांतल्या रासायनिक रंगांनी पांढऱ्याऐवजी काळपट डाग पडतात. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा असं सात दिवस लावून पाहा. लाली किंवा खाज आली तर ते कुंकू देवापुरतं ठेवा.

प्रश्न : स्टेशनबाहेर मोठ्या कंपन्यांच्या लिपस्टिक पन्नास-साठ रुपयांना मिळतात, आणि आमच्या ओळखीच्या पार्लरमध्ये बिननावाच्या डबीत गोरेपणाची नाइट क्रीम. घ्यावं का? (कुर्ला)

दोन्ही नाही. पण स्वस्त म्हणजे वाईट, असं आम्ही म्हणत नाही. दीडशे रुपयांची, कमी नावाच्या भारतीय कंपनीची लिपस्टिक पूर्ण लेबलसकट मिळत असेल तर ती मोठ्या नावाच्या ‘फर्स्ट कॉपी’पेक्षा कितीतरी बरी. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं तो महिना-वर्ष आणि घटकांची यादी हवी. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये घाऊक भावात अस्सल मालही मिळतो. फक्त सील पाहा, कांडीवरचा आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक जुळवा आणि बिल मागा. बिल द्यायला नकार मिळाला तर पुढच्या दुकानात जा.

क्रीमबाबत जास्त काळजी वाटते. आठवडाभरात उजळवणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा किंवा तीव्र स्टेरॉइड असण्याचा धोका मोठा आहे. पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडतात. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं येतात आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटल्यासारखा होतो. क्रीम आधीपासून चालू असेल तर डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि अंगावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर त्याच दिवशी जा. डबी फेकू नका, तपासणीसाठी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्यासाठी ती लागेल.

प्रश्न : मस्कारा सुकला आहे. दोन थेंब पाणी घातलं तर चालेल का? (मुलुंड)

पाणी घालू नका. पाण्याबरोबर जंतू आत जातात आणि मस्काऱ्यातलं जंतुरोधक पातळ होऊन निकामी ठरतं. झाकण घट्ट लावून नळी पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी धरा, मेण मऊ होऊन थोडे दिवस चालेल. ब्रश नळीत वरखाली दाबू नका, त्याने हवा आत जाते आणि मस्कारा लवकर सुकतो. उघडून तीन-चार महिने झाले असतील किंवा वास बदलला असेल तर टाकून द्या, आणि डोळे आले असताना वापरलेला मस्कारा नवाकोरा असला तरी टाका.