गेटर-सेटर आणि बाहेरून येणाऱ्या डेटाला टेस्ट लिहायची तरी काय?

तुमचा प्रश्न असा: क्लासमध्ये नुसते गेटर-सेटर (साठवलेला आकडा काढून देणारी आणि आत ठेवणारी छोटी फंक्शनं) आहेत, एक फंक्शन बाहेरच्या एपीआयवरून (दुसऱ्या सर्व्हिसकडे डेटा मागायची सोय) डेटा आणतं, आणि टीम लीडला 80 टक्के कव्हरेज (म्हणजे टेस्ट चालवताना कोडचा तेवढा भाग चालून जाणं) हवंय. मी जळगावला केळी व्यापाऱ्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथलंच उदाहरण देतो.

सेटरनं 5 ठेवले, गेटरनं 5 काढले, ही टेस्ट मी लिहीत नाही. त्यात तुमचा कोड नाही, भाषाच तपासली जाते. आमच्याकडे वजन किलोत भरतात आणि भाव क्विंटलचा असतो. म्हणून टेस्ट अशी: 1837 किलो, भाव 1250, बिल 22,962 रुपये 50 पैसे. किलोचा सेटर आणि क्विंटलचा गेटर त्यात आपोआप चालून जातात, कव्हरेजही मिळतं. सेटर उणे वजन नाकारत असेल, तरच त्याला वेगळी टेस्ट.

बाहेरच्या कॉलमध्ये मात्र मी स्वतः आपटलोय. मॉक (टेस्टमध्ये खऱ्या सर्व्हिसच्या जागी बसवलेला खोटा) 1250 द्यायचा, टेस्ट 1250 आलेत का बघायची, सगळं हिरवंगार. म्हणजे मी मॉकच तपासत होतो! एक दिवस भाव देणाऱ्या सर्व्हिसनं आकड्याऐवजी मजकूर पाठवला, स्वल्पविरामासकट "1,250". जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) स्वल्पविरामाशी थांबतं आणि 1 देतं. बिल निघालं 18 रुपये 37 पैशांचं. रावेरहून व्यापाऱ्याचा फोन: "काय भो, केयी फुकट वाटतो का?"

तेव्हापासून आणणं वेगळं, वाचणं वेगळं. आणणाऱ्या फंक्शनमध्ये दोन-तीन ओळी, अक्कल काही नाही. वाचणारं फंक्शन मजकूर घेतं आणि भाव किंवा एरर देतं. प्रत्यक्ष आलेले प्रतिसाद फाइलींत जपून तेच त्याला खाऊ घालतो: स्वल्पविरामवाला, रिकामी यादी, भावाच्या जागी नल (म्हणजे काहीच नाही), आणि जेसन या डेटाच्या ठरलेल्या मांडणीऐवजी आलेलं एचटीएमएल एररचं पान (तेही 200, म्हणजे 'सगळं ठीक' अशा स्टेटसनं, वर तोंड करून).

बिलाच्या कोडला भाव देणारी वस्तू (ऑब्जेक्ट) बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये खोटी देता येते. तिला टाइमआउट (वेळेत उत्तर न आल्याची एरर) द्यायला लावा आणि बिलाचं काय होतं ते तपासा. कालचा भाव लावायचा की बिल थांबवायचं? आम्ही थांबवतो. हे ठरवायला व्यापाऱ्यांसोबत अर्धा दिवस गेला, टेस्ट मात्र सहा ओळींची.

खऱ्या सर्व्हिसला हात लावणारी एकच टेस्ट ठेवलीय. ती रात्री वेगळी चालते आणि पडली तरी कुणाचा मर्ज (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळणं) अडत नाही.