जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटला पैसे पाठवायचे आहेत: बँक बरी की ॲप?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी एप्रिलच्या उन्हाळी सत्राला जर्मनीत एम.एस.साठी जाते आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि दरमहा ठरलेली रक्कमच सुटते असं खातं) ११,९०४ युरो भरायचे आहेत. तुमची राष्ट्रीयीकृत बँक म्हणते 'चार्ज फक्त हजार रुपये', ॲपवाले म्हणतात 'झीरो फी'. मग कुणाकडून पाठवावेत?

चार्ज किती, हे दोघांनाही विचारू नका. एकच वाक्य विचारा: "तिकडे पूर्ण ११,९०४ युरो जमा व्हायचे असतील, तर आज माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जातील?" उत्तर ईमेलवर किंवा स्क्रीनशॉटमध्ये घ्या. सगळीकडे अर्ध्या तासाच्या आत विचारा, नाहीतर मधल्या वेळात दर हलतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

बँकेची आणि ॲपची खरी कमाई दरात असते. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारातला दर १ युरो = १०० रुपये धरू. शाखेत सकाळी लागलेला कार्ड रेट (सगळ्यांसाठीचा छापील दर) समजा १०२.५० आहे आणि दुसरीकडे १००.८० मिळतोय. फरक दिसायला एक रुपया सत्तर पैसे, पण ११,९०४ युरोंवर तो २०,२३७ रुपये होतो. त्यापुढे हजार रुपयांच्या चार्जला काय किंमत! 'झीरो फी'वाल्यांनीही फी दरात मिसळलेली असू शकते. बाजारातला दर गूगलवर दिसतो. त्या दरात तुम्हाला कुणीच देणार नाही, पण त्यापासून कोण किती लांब आहे हे मोजायला तो उपयोगी पडतो. बँकेच्या दरपत्रकात तुमचा रकाना 'टीटी सेलिंग'चा, म्हणजे बँक तुम्हाला परकी चलन विकते तो दर. 'टीटी बाइंग' बघून खूश होऊ नका, तो बाहेरून पैसे येतात तेव्हाचा.

कार्ड रेट म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. एवढ्या रकमेला शाखेतून ट्रेझरीकडे (बँकेच्या चलन-व्यवहार विभागाकडे) फोन करून 'डील रेट', म्हणजे तुमच्या व्यवहारापुरता ठरवलेला दर, मागता येतो. बरेच ग्राहक मागत नाहीत, म्हणून मिळत नाही. ॲपचा कोट हातात ठेवून मागा. आंतरबँक बाजार (बँकांचा आपसातला चलनबाजार) सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते दुपारी साडेतीनपर्यंत चालतो, त्या वेळेत बोला. शनिवार-रविवारी कोट मिळाला तर त्यात जोखमीचा भार धरलेला असतो.

आता सरकारी भाग. तो सगळीकडे सारखाच, त्यामुळे तुलनेतून वगळा, पण खात्यात तेवढी रक्कम ठेवा. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण पूर्ण रकमेवर नाही. आधी एक 'मूल्य' काढतात: पहिल्या एक लाखावर १ टक्का (किमान २५० रुपये), एक ते दहा लाखांच्या भागावर अर्धा टक्का, त्यापुढे ०.१ टक्का, कमाल ६०,००० रुपये. या मूल्यावर १८ टक्के. वरच्या उदाहरणात १००.८० दराने ११,९९,९२३ रुपये होतात, मूल्य ५,७०० च्या आसपास येतं आणि जीएसटी साधारण १,०२६ रुपये. कुणी पूर्ण रकमेवर १८ टक्के सांगू लागला तर त्याला काम येत नाही असं समजा.

टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराची, गोष्ट जास्त महत्त्वाची. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. ही मर्यादा सगळ्या बँका आणि सगळी कारणं मिळून एकच आहे. त्यामुळे बँक बदलली म्हणून ती नव्याने सुरू होत नाही आणि यंदा आधी काय पाठवलं ते तुम्हाला लिहून द्यावं लागतं. २०२५-२६ मध्ये १० लाखांच्या वर शिक्षणासाठी ५ टक्के आणि 'इतर कारणां'साठी २० टक्के असा दर होता. अर्थसंकल्पात हे दर बदलतात, म्हणून पाठवाल त्या दिवशीचा विचारून घ्या. पैसे मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जात असतील तर टीसीएस शून्य, त्यासाठी मंजुरीपत्र जोडा.

इथेच 'पर्पज कोड' (पैसे कशासाठी जाताहेत ते सांगणारा कोड) गोंधळ घालतो. तुमचा कोड एस ०३०५: शिक्षणासाठी प्रवास, ज्यात फी आणि राहण्याखाण्याचा खर्च येतो. पण काउंटरवरचा माणूस 'अकाउंट' हा शब्द ऐकून 'परदेशात खातं उघडणं' असा कोड टाकतो, किंवा आई-वडील मुलीला पाठवताहेत म्हणून एस १३०१, म्हणजे कुटुंबाचा निर्वाह. दोन्ही 'इतर कारणां'त मोडतात. उदाहरणातल्या दहा लाखांवरच्या १,९९,९२३ रुपयांवर २०२५-२६ च्या दरांप्रमाणे ५ टक्क्यांनी ९,९९६ रुपये होत, २० टक्क्यांनी जवळपास ४०,०००. शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्चही शैक्षणिक कारणातच धरायचा, हे प्राप्तिकर खात्याने २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. ए-टू फॉर्मवर (परदेशात पैसे पाठवायच्या अर्जावर) सही करण्याआधी कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पैसे गेल्यावर तो बदलून घेणं म्हणजे हेलपाटे.

टीसीएस बुडत नाही, तो २६ एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात) दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. नोकरदाराने कार्यालयात कळवलं तर पगारातला टीडीएसही तेवढा कमी करता येतो, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. म्हणून दरवर्षी कर भरणाऱ्याने त्यासाठी फार आटापिटा करू नये. पाठवणारे वडील निवृत्त असतील आणि करच लागत नसेल, तर मात्र रक्कम आई आणि वडील अशी आपापल्या खात्यांतून विभागून पाठवता येते. प्रत्येकाची १० लाखांची मर्यादा वेगळी. त्यात जीएसटी साधारण २३४ रुपयांनी वाढेल आणि स्विफ्टचा (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेचा) चार्ज दोनदा लागेल. मात्र ब्लॉक्ड अकाउंटवाले दोन हप्त्यांत, दोन नावांनी पैसे घेतात का, ते आधी ईमेलने विचारा. १ एप्रिलला मर्यादा नव्याने सुरू होते, पण व्हिसाची तारीख त्यासाठी थांबत नाही.

सेवा निवडताना दुसरी कसोटी म्हणजे पैसे पूर्ण पोचतात का. बँकेचं स्विफ्ट हस्तांतर मधल्या एखाद्या युरोपीय बँकेतून जातं आणि ती वाटेत आपलं काढून घेते. फॉर्मवर तीन पर्याय असतात: 'शा' (खर्च दोघांत), 'बेन' (घेणाऱ्याकडून), 'आवर' (सगळा पाठवणाऱ्याचा). खूण केली नाही तर बहुतेक वेळा 'शा' लागतो आणि तिकडे ११,८८५ वगैरे जमा होतात. मुलीच्या खर्चाला पाठवताना हे चालतं. ब्लॉक्ड अकाउंटला नाही, कारण एक युरो कमी असला तरी व्हिसासाठी लागणारं पुष्टिपत्र अडतं आणि वीस युरोंसाठी पुन्हा अख्खा सोपस्कार. म्हणून 'आवर' घ्या, त्याचे जादा पैसे द्या. तरीही वाटेत कापले गेल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा पन्नास युरो वर टाका. मुळात ११,९०४ हा (महिना ९९२ प्रमाणे) वर्षाचा किमान आकडा आहे. फिंतिबा, एक्सपाट्रियो, कोराकल यांसारख्या ब्लॉक्ड अकाउंट उघडून देणाऱ्यांची फी त्यावर वेगळी असू शकते. त्यांच्या पत्रावर जो आकडा छापलाय तो तिकडे पूर्ण पोचला पाहिजे.

काही ॲप तिकडे युरोपातल्या स्थानिक व्यवस्थेतून पैसे जमा करतात, त्यामुळे वाटेतली कपात टळते. पण मग पाठवणारा म्हणून तुमच्याऐवजी त्यांच्या भागीदार संस्थेचं नाव दिसू शकतं. त्यामुळे पत्रावरचा संदर्भ क्रमांक 'रेमिटन्स इन्फर्मेशन'च्या रकान्यात जसाच्या तसा गेला पाहिजे. ॲपमध्ये तो रकाना नसेल तर ते ॲप या कामाचं नाही, दर कितीही गोड असो.

ॲपचं नाव बघून भुलू नका, त्यामागची अधिकृत बँक किंवा डीलर कोण ते विचारा. भारतातून बाहेर पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. प्रत्येक मनी चेंजरकडे तो नसतो. नुसता एफएफएमसी (चलन बदलून देण्याचा) परवाना असलेला चलनी नोटा आणि कार्ड देतो, असं हस्तांतर करू शकत नाही. दुसऱ्या श्रेणीच्या डीलरला परदेशी शिक्षण, उपचार अशा ठरावीक कामांची यादी दिलेली आहे. "माझा भाचा म्युनिकला आहे, तो तिकडे युरो भरेल, तुम्ही इथे रुपये द्या" हा प्रकार फेमामध्ये (परकी चलन कायद्यात) बसत नाही. पैसा कुठून आला हे दाखवायची वेळ आली की तुमच्याकडे कागदही नसतो.

कागद साधारण असे: पॅन, पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, नातं दाखवणारा पुरावा, ए-टू फॉर्म. पैसे पाठवणाऱ्याच्याच खात्यातून गेले पाहिजेत, रोख चालत नाही. खातं नवं असेल किंवा आठवड्यापूर्वीच मोठी रक्कम आली असेल तर बँक स्रोत विचारते, म्हणून मोडलेल्या मुदत ठेवीची पावती जवळ ठेवा. प्रत्येक शाखेत परकी चलनाचं काम होत नाही. तालुक्याची शाखा कागद मोठ्या शाखेकडे पाठवते आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. दर कागद दिल्या दिवशीचा लागणार की तिकडे मंजूर झाल्या दिवशीचा, हे विचारून ठेवा.

जर्मन आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) २२ अक्षरांचा असतो: डीई आणि २० अंक. तो हाताने लिहू नका, पत्रातून कॉपी करा. एखादा अंक चुकला तर तपासणी अंकांमुळे बहुधा तिथेच अडतो. नाव जुळलं नाही किंवा संदर्भ नसला तर पैसे काही दिवसांनी परत येतात आणि ते 'टीटी बाइंग'ने, म्हणजे जाताना महाग आणि येताना स्वस्त. पाठवल्यावर स्विफ्ट कॉपी मागून घ्या. चार कामकाजाच्या दिवसांत पैसे दिसले नाहीत तर माग काढायला तोच कागद लागतो. दिवस मोजताना गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी धरू नका, युरोची मुख्य देयप्रणाली तेव्हा बंद असते.

तुमच्या रकमेला माझं मत: बँकेकडून डील रेट मागा, दोन ॲपचे कोट घ्या. बँक ॲपपेक्षा दोन-तीन हजारांनीच महाग पडत असेल तर बँकेतूनच पाठवा, काही अडलं तर समोर बसून बोलता येईल असं माणूस असतं. फरक दहा हजारांवर गेला तर ॲप. पुढच्या वर्षी ५०० युरोंसारख्या लहान रकमा पाठवाल तेव्हा गणित उलटतं: पन्नास हजारांवर हजार रुपये चार्ज म्हणजे दोन टक्के. तेव्हा ॲप वापरा, किंवा दोन-तीन महिन्यांचे एकदम पाठवा. पहिल्या वर्षी दरमहा ९९२ युरो तिच्या जर्मन खात्यात आपोआप सुटत राहतील. ते खातं तिने तिकडे पोचल्यावर लगेच उघडायला हवं, नाहीतर पहिला हप्ता अडकून राहतो.